पालेभाजी खात जा!

आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं गेलेलं वाक्य कोणतं असेल तर ते म्हणजे "पालेभाजी खात जा!" गंमत म्हणजे हे वाक्य मला कधीच ऐकावं लागलं नाही. वास्तविक पालेभाजी दिसली की ताट सरकवणारा प्राणी घरात मी एकटाच. पण हे वाक्य कायम छोटीसाठी राखीव असायचं. छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण.

(छोटीला विचारूनच लिहितोय. "लिही, पण गावाचं नाव नको टाकू," एवढी एकच अट तिने घातली. तर गाव भंडारा जिल्ह्यातलं. हायवे सोडून लाखनी आणि साकोलीच्या मध्ये कुठेतरी आत शिरलं की लागतं. चहूबाजूंनी धानाच्या बांध्या, एक जुना मालगुजारी तलाव, आणि बस्स.)

छोटी लहानपणापासून फिकट. तलावाची पाळ चढताना मध्येच थांबायची. आठवीत शाळेत तपासणी झाली, हिमोग्लोबिन निघालं साडेनऊ. तिथून सगळं सुरू झालं. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी, घरी गूळ-शेंगदाणे, बीट, खजूर, लोखंडी कढईतली भाजी, पावसाळा लागला की तरोट्याची भाजी. गावातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या टॉनिकच्या बाटल्या वेगळ्याच. तीन महिने गोळ्या, मग तपासणी: ९.८. परत तीन महिने: १०.१. परत: ९.९. हिमोग्लोबिन काही केल्या हलेना.

आणि गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही याचा आमच्या घरात, शेजारात आणि समस्त नातेवाइकांत एकच अर्थ होता. पोरगी गोळ्या फेकते! "खात नाही ना बापा काही, मंग रगत कुठून येईन?" ही आजीची कायमची टीप. छोटी आधी रडायची, मग भांडायची, आणि कॉलेजात गेल्यावर गप्प बसायला लागली. मी तोवर इंजिनिअरिंग करून पुण्याला पळालो होतो. फोनवर मीही तेच सांगायचो. पालेभाजी खात जा!

तर झालं असं की मागच्या दिवाळीत छोटीचं लग्न जुळत आलं. मुलगा गोंदिया जिल्ह्यातला, शिक्षक. दोघं एकमेकांना आधीपासून ओळखत होते, हे घरच्यांना नंतर कळलं (मला आधीच माहीत होतं, पण ते असो). बोलणी चालू असताना मुलाने स्वतःहून एक कार्ड काढून समोर ठेवलं. कॉलेजात असताना शिबिरात तपासणी झाली होती, तो सिकलसेलचा वाहक आहे.

बैठकीत एकदम शांतता.

पुण्यातल्या मित्रांना सिकलसेल म्हटलं की शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकातलं विळ्यासारख्या पेशीचं चित्र आठवतं. आमच्याकडे तसं नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या पट्ट्यात हा शब्द गावोगावी माहीत आहे. सांधे दुखून दुखून शाळा सुटलेला एखादा मुलगा प्रत्येकाने पाहिलेला असतो. नागपूरच्या शुक्ल आणि सोलंकी ह्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं ते १९५८ साली. म्हणजे ही काही नवी गोष्ट नाही. आदिवासींत आहे, दलितांत आहे, ओबीसींत आहे. जीन जातीचा दाखला मागत नाही.

पण वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. आईकडून एक आणि बाबांकडून एक अशा दोन प्रती आपल्याला मिळतात. त्यातली एकच बिघडलेली असेल तर माणूस वाहक. तो धडधाकट जगतो, बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. दोन्ही बिघडलेल्या असतील तर आजार. म्हणून नियम सोपा: दोन वाहकांनी लग्न करताना विचार करावा, कारण प्रत्येक गरोदरपणात चारातला एक धोका. एकच वाहक असेल तर मुलांना आजार होत नाही.

तेव्हा छोटीची तपासणी करायची ठरली. सरकारी दवाखान्यात बोटातून रक्ताचा थेंब घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट केली. एका नळीत द्रावण असतं, त्यात रक्त टाकायचं. मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. सिकलचं हिमोग्लोबिन त्या द्रावणात विरघळत नाही, नळी गढूळ होते आणि मागच्या रेघा दिसत नाहीत. छोटीच्या नळीतून रेघा स्वच्छ दिसल्या. निगेटिव्ह! आईने देवापुढे साखर ठेवली. साखरपुड्याची तारीख बघायला सुरुवात.

आता खरी गोष्ट इथून पुढे आहे.

त्याच वेळी छोटीचं सीबीसीही केलं होतं. मी पुण्याला निघताना सवयीने त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. हिमोग्लोबिन १०.२, त्याच्याखाली लाल रेघ. कागदावर वीसेक आकडे होते, पण आजवर प्रत्येकाने ह्या एकाच आकड्याखाली रेघ मारली होती. नागपूरला परतीची गाडी तीन तास लेट होती, म्हणून वेळ घालवायला मी तो फोटो माझ्या एका शाळासोबत्याला पाठवला. तो पॅथॉलॉजी करतोय. विचारलं, बाबा रे, हिचं हिमोग्लोबिन कसं वाढवायचं?

त्याने उलट विचारलं, "आरबीसी काउंट बघितला का?"

मी म्हटलं, तो तर नॉर्मल आहे. ५.३६.

"तेच तर. रक्त कमी आहे म्हणतोस, मग पेशी इतक्या कशा?"

पाच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर माणसाला एक गोष्ट कळते. एरर मेसेज एकच असतो, पण त्याच्यामागचे बग वेगवेगळे असू शकतात. आणि उत्तर बहुतेक वेळा लॉगमध्ये आधीच छापलेलं असतं, फक्त आपण पहिली लाल ओळ वाचून थांबतो. स्वतःच्या बहिणीच्या रिपोर्टाच्या बाबतीत मी दहा वर्षं हेच केलं होतं.

त्याने फोनवर जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव, तेव्हा उदाहरणही तेच. समजा ओतीव भांड्यांचा एक कारखाना आहे आणि पितळच कमी पडतंय. काय होईल? भांडी कमी निघतील, आणि पितळ जसं मिळेल तशी, काही बरी, काही लहान, काही अगदीच फुसकी. सगळी वेगवेगळ्या मापांची. ही झाली लोहाची कमतरता. म्हणजे तांबड्या पेशींची संख्या कमी, आकार लहान, आणि आकारांत फार फरक. रिपोर्टात आकार म्हणजे एमसीव्ही आणि आकारातला फरक म्हणजे आरडीडब्ल्यू.

आता समजा पितळ भरपूर आहे, पण साचाच लहान आहे. मग भांडी भराभर निघतील, ढिगाने निघतील, पण सगळी सारखीच लहान. ह्या कारखान्यात तुम्ही आणखी चार ट्रक पितळ आणून ओतलंत तरी भांडं मोठं होणार नाही. हे झालं थॅलेसेमिया मायनर, म्हणजे थॅलेसेमियाचं वाहकपण. हिमोग्लोबिनचा बीटा साखळीचा साचा दोनपैकी एका प्रतीत बिघडलेला. पेशींची संख्या नॉर्मल किंवा जास्तच, आकार बराच लहान, पण बहुधा सगळ्या एकसारख्या.

छोटीचा एमसीव्ही होता ६२, जिथे ८० च्या वर हवा. आरडीडब्ल्यू १४.३, म्हणजे ठीकठाक.

विल्यम मेंट्झर नावाच्या डॉक्टरने १९७३ साली ह्यावर एक गणित सांगितलं. इतकं सोपं की त्याला प्रोग्रामसुद्धा लिहावा लागत नाही. एमसीव्हीला आरबीसी काउंटने (दशलक्षांत) भागायचं. उत्तर १३ पेक्षा जास्त आलं तर लोहाच्या कमतरतेचा संशय, कमी आलं तर थॅलेसेमिया मायनरचा. नागपूर स्टेशनच्या फलाटावर मी ६२ भागिले ५.३६ केलं. ११.६.

"पण हा फक्त संशय," मित्र म्हणाला. "निदान नाही. फेरिटिन आणि एचपीएलसी कर. आणि साखरपुडा जरा थांबव."

साखरपुडा कशाला थांबवायचा हे मला तिथे उभ्याउभ्या कळलंच नाही. गाडीत बसल्यावर कळलं आणि झोप उडाली.

सोल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकलचं हिमोग्लोबिन पकडते. थॅलेसेमिया तिला दिसतच नाही. रेघा स्वच्छ दिसणारच! आणि मुलाकडून सिकलची प्रत, मुलीकडून बीटा थॅलेसेमियाची प्रत, अशा दोन वेगवेगळ्या बिघडलेल्या प्रती एका मुलात एकत्र आल्या तर तोही सिकलसेलचाच एक आजार असतो, सिकल-बीटा थॅलेसेमिया. जीनचा बिघाड कोणत्या प्रकारचा त्यावर तीव्रता ठरते, पण तो अगदी दोन सिकलइतकाही त्रासदायक होऊ शकतो. म्हणजे "एकच वाहक आहे, चालतंय" ह्या हिशोबावर साखर ठेवून झाली होती, आणि तो हिशोबच अर्धवट होता.

पुढच्या आठवड्यात छोटीला नागपूरला नेलं. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या कोठाराचा आकडा. तिचा आला ४८, कोठार रिकामं नव्हतंच. (अंगात ताप, सूज, इन्फेक्शन असेल तर फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं, म्हणून तब्येत बरी असताना करावी.) मग एचपीएलसी. ह्यात रक्तातली निरनिराळी हिमोग्लोबिनं एका नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि कागदावर त्यांचे उंचवटे उमटतात. ए-टू नावाचं हिमोग्लोबिन साधारण साडेतीन टक्क्यांच्या आत असतं. छोटीचं ५.४.

थॅलेसेमिया मायनर. शिक्कामोर्तब.

इथे मित्राने सांगितलेल्या दोन अडचणी लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येतील. एक, अंगात लोह खूपच कमी असेल तर ए-टू खाली येतं आणि थॅलेसेमिया लपून राहू शकतो. अशा वेळी आधी लोह भरून काढून टेस्ट पुन्हा करतात. दोन, नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर एचपीएलसीवर दुसऱ्याचं रक्त दिसतं. दोन-तीन महिने थांबावं लागतं. आणि हो, मायनर असलेल्याला लोहाची कमतरता कधी होणारच नाही असंही नाही, गरोदरपणात तर होतेच. म्हणून आकडेमोड करून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. डॉक्टरला दाखवा, पण सगळे आकडे दाखवा.

रिपोर्ट हातात आल्यावर छोटी लग्नाबद्दल काहीतरी विचारेल असं मला वाटत होतं. मी गाडीत रात्रभर जागून उत्तरं तयार करून ठेवली होती. टक्केवारी, शक्यता, सगळं. तिने काय विचारलं?

"दादा, म्हणजे मी खात नव्हती म्हणून नाही ना?"

नाही गं बाई.

लॅबच्या पायऱ्यांवर बसून ती रडली. दहा वर्षं सगळ्यांनी सांगितल्यामुळे तिचंही मत तेच झालं होतं की चूक आपलीच. खरं तर रिपोर्ट तेव्हाही छापून येत होते. आठवीतला नाही, तो नुसत्या पट्टीवरचा होता, पण कॉलेजातला सीबीसी मी नंतर कपाटातून शोधून काढला. त्यावरही आरबीसी काउंट ५.४ होता. कुणी वाचला नाही.

असो. हातात नवीन फॉर्म्युला आला की इंजिनिअर स्वस्थ बसत नाही. मी घरातल्या सगळ्यांचं सीबीसी करवलं.

माझं नॉर्मल. एमसीव्ही ८६. म्हणजे नाणं माझ्या वेळी सरळ पडलं आणि छोटीच्या वेळी उलटं, ह्यापलीकडे आम्हा दोघांत काही फरक नाही. भाज्या न खाणारा मी ठणठणीत, आणि मुकाट्याने तरोटा खाणारी ती फिकट!

आईचा रिपोर्ट बघून मात्र दचकलो. हिमोग्लोबिन ९.१, म्हणजे छोटीपेक्षाही कमी. आरबीसी काउंट ४.०५, एमसीव्ही ७३, आरडीडब्ल्यू १८.६. भागाकार १८. फेरिटिन ६! म्हणजे कोठार झाडून साफ. घरात खरी लोहाची कमतरता होती ती आईला. पाळीचा त्रास ती वर्षानुवर्षे अंगावर काढत होती आणि गोळ्या छोटीला भरवत होती. "मले काय झालं?" म्हणून स्वतः कधी तपासलंच नाही. म्हणजे बघा, एकाच स्वयंपाकघरात एकाच तक्रारीच्या दोन बायका. एकीला गोळ्यांची गरज नव्हती आणि तिला दहा वर्षं मिळाल्या. दुसरीला गरज होती, तिने डबीला हात लावला नाही. आईचा आधी पाळीचा इलाज झाला, रक्त कुठे जातंय हे बघितल्याशिवाय नुसतं भरून उपयोग नसतो. मग गोळ्या. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११.९, आणि कोठार भरायला पुढे आणखी तीन महिने.

राहिले बाबा. बाबांचं पहिल्या दिवसापासूनचं मत होतं की हे आईच्या माहेरचं असणार, "तिकडचे सारे तसेच फिके." पुरुषाचं हिमोग्लोबिन आमच्याकडे कुणी बघत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, आणि पुरुषांपैकी २५ टक्क्यांना. चारातला एक पुरुष, ही काही थोडी संख्या नाही! बाबांचं ऊनपावसात राबलेलं शरीर बघून संशय येणंच शक्य नव्हतं. हिमोग्लोबिन १२.४, एमसीव्ही ६५, आरबीसी काउंट ६.१. एचपीएलसीवर ए-टू ५.२.

बाबांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि बांध्यांकडे निघून गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "माह्याकडून आलं तर."

त्या दिवशी मी त्यांना मलेरियाची गोष्ट सांगितली. सिकल काय किंवा थॅलेसेमिया काय, ही वाहकपणं जगात जिथे मलेरिया होता तिथेच जास्त सापडतात. भूमध्य समुद्राकाठी, आफ्रिकेत, आणि आपल्या जंगल-तलावांच्या झाडीपट्टीतही. एक प्रत बिघडलेली असली की मलेरियाने मरायची शक्यता कमी होते, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कुणास ठाऊक, तुमचे एखादे पणजोबा त्याच्यामुळेच वाचले असतील, म्हणून आपण आहोत. बाबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः काकांना फोन करून तपासणी करायला सांगितली. "आपल्या बापाकडून आलं असन, तुह्या पोराचंबी पाहून घे." मला वाटतं ते वाक्य उच्चारायला त्यांना रात्रभर लागली असणार.

आणि लग्न?

मुलाचा रिपोर्टही आम्ही मागवला. त्याचं सीबीसी एकदम साफ, हिमोग्लोबिन १४.२, एमसीव्ही नॉर्मल. सिकलच्या वाहकाचं असंच असतं, मेंट्झरचा भागाकार तिथे काही सांगत नाही. एचपीएलसीवर सिकलचं हिमोग्लोबिन ३६ टक्के. दोघं समुपदेशनाला गेले, आम्ही बाहेर बाकावर. चार शक्यता, प्रत्येक गरोदरपणात पुन्हा नव्याने: एक पूर्ण निरोगी, एक सिकलचा वाहक, एक थॅलेसेमियाचा वाहक, आणि एक आजारी. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याचा धोका बदलत नाही. गर्भावस्थेत दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या आसपास वारेचा अंश घेऊन बाळाचं निदान करता येतं. पुढचा निर्णय त्या दोघांचा, आणि तो सोपा नसतो, हेही तिथे त्यांना स्पष्ट सांगितलं.

नातेवाइकांनी लगेच निकाल दिला होता. मोडा. एका मावशीचं तर म्हणणं की मुलाकडच्यांना छोटीचं सांगूच नका, त्याचं कार्ड पुढे करून मोडा, म्हणजे पोरीचं नाव खराब व्हायचं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला ते क्षणभर पटलं होतं. जो मुलगा स्वतःहून कार्ड काढून समोर ठेवतो त्याच्यापासून लपवायचं!

छोटीने त्याच संध्याकाळी त्याला फोन करून ए-टूसकट सगळा रिपोर्ट वाचून दाखवला. मग दोघांनी महिनाभर वेळ मागितला. महिन्याने सांगितलं, लग्न करतो. गरोदरपणी तपासणी करायची, हे ठरवून करतो. माझं मत कुणी विचारलं नाही, हे बरंच झालं. मी कदाचित रिस्क जास्त आहे म्हणून नको म्हटलं असतं. रिस्क त्यांनीही माझ्याइतकीच वाचली होती, फक्त जगायचं त्यांना आहे.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट आहे. चांगलंच आहे. पण आमच्या घरच्या अनुभवावरून एवढं सांगतो, नळीतून रेघा दिसल्या म्हणून तिथेच थांबू नका. घरात कुणाचं हिमोग्लोबिन नीट घेतलेल्या गोळ्यांनीही हलत नसेल तर त्या माणसावर संशय घेण्याआधी रिपोर्टाच्या खालच्या ओळी वाचा. एकदा एचपीएलसी करून घ्या. आणि करायचीच असेल तर लग्न ठरायच्या आधी, शांत डोक्याने करा. स्टेशनच्या फलाटावर भागाकार करायची वेळ येऊ देऊ नका.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. पहिला पाऊस पडून गेला होता, रोवणीची तयारी चालू होती. लग्न धान निघाल्यावर आहे. जेवायला बसलो तर आईने तरोट्याची भाजी केलेली. सवयीने तिने वाटी छोटीकडे सरकवली, मग थांबली, आणि थोडी स्वतःच्या ताटात वाढून घेतली. बाबांनी उरलेली वाटी उचलून माझ्या ताटात रिकामी केली.

"तू खात जा."

छोटी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी खाल्ली. कडू असते हो ती!